कोकरांच्या खोलीतला भंडारा

हळदीचा वास मला आवडतो. फोडणीतला, लग्नातला, बाळंतिणीच्या खोलीतला. पण त्या सकाळी खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि आतून हळदीचा वास आला तेव्हा मी उंबऱ्यातच थबकले. त्या खोलीला उसाच्या ओल्या पाचटाचा आणि अळिंबीचा, म्हणजे मशरूमचा, मिळून एक गोडसर, मातकट वास असायचा. रोज दार उघडल्या उघडल्या मी आधी नाकानं खोली तपासायची. हळदीला तिथं काही काम नव्हतं.

दिवा लावला. छताच्या वाशांना दोऱ्यांनी टांगलेले माझे अळिंबीचे सगळे बेड, म्हणजे पाचटाचे गठ्ठे, पिवळेधमक झाले होते.

कुणी चुकून सांडलं असतं तर एका जागी सांडलं असतं. इथं मूठमूठ भरून उधळण झाली होती. मागच्या ओळीपर्यंत, कोपऱ्यातल्या बेडापर्यंत, एकालाही वगळलं नव्हतं. ज्यानं कुणी हे केलं होतं त्यानं फार मनापासून केलं होतं. आणि आदल्या रात्री जेजुरीहून भंडारा घेऊन आलेला माणूस आमच्या घरात एकच होता, माझे सासरे.

सासऱ्यांना सगळी वस्ती आबा म्हणते, मीही म्हणते. आमची वस्ती कळंबच्या शिवारात आहे, चारी बाजूंनी ऊस. पण आबांचा जन्म गेला मेंढरांमागं. पावसाळा संपला की वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप आणि बिऱ्हाड, घेऊन रानोमाळ हिंडायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, असं त्यांचं आयुष्य. पुढं रानाला पाणी आलं, चराऊ माळ उसाखाली गेले आणि मेंढरं विकली गेली. त्या सगळ्यातलं उरलं काय, तर अंगणाच्या कडेला दगडमातीची एक बुटकी खोली. मेंढ्या चरायला गेल्या की नुकती जन्मलेली कोकरं तिच्यात कोंडायची. भिंती हातभर जाड, खिडकी एकच आणि तीही एवढीशी. एप्रिलच्या उन्हातही आत गार असायचं.

माझं माहेर कन्हेरीचं. माहेरी गेले असताना बारामतीत अळिंबीचं प्रशिक्षण केलं, तिथल्या सरांना या खोलीचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "ताई, अशी खोली शोधून सापडत नाही." मी घरी आले ती डोक्यात खोलीच घेऊन.

पण खोलीवर डोळा आणखी एकाचा होता. थोरले भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. ट्रॅक्टर आणि ट्रॉली अंगणात वळवताना ती खोली बरोबर आडवी यायची. ती पाडून तिथं पत्र्याची शेड घालायची, हे त्यांनी केव्हाच मनात पक्कं केलं होतं. माणूस वाईट नव्हता. दिवसभर राबायचा, आणि राबणाऱ्या माणसाला वाटतं तसं त्यांना वाटायचं की आपण राबतो म्हणून अंगण आपलं. माझा नवरा दुधाच्या टँकरवर, तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा. त्याची मला साथ होती, पण घोरत.

माझी पहिली खेप वाया गेली होती. पाचटात पाणी जास्त राहिलं आणि बेड आतून काळे पडून कुजले. भाऊजींना तेवढंच पुरलं. जेवताना त्यांनी विषय काढला आणि आबांनी निकाल दिला, "चंपाषष्ठीपतुर ऱ्हाऊ द्या खोली. तवर काय उगावलं तर उगावलं. न्हाय तर पाडा." भाऊजी खूश झाले. त्यांच्या मते काही उगवणार नव्हतं.

म्हणून ही दुसरी खेप शेवटची होती. ती गेली असती तर खोली गेली असती. मी काही मेले नसते. पण या घरात भाकरी घराची, धुणं घराचं, शेण घराचं, खुरपणी घराची; मी करते म्हणून माझं असं एवढं एकच होतं. ते गेल्यावर पुन्हा कुणासमोर उभं राहून 'मला हे करायचंय' म्हणायची ताकद माझ्यात राहिली नसती. ते मला पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच मला भीती होती.

आमच्याकडं ऊस तुटून गेला की पाचट पेटवून देतात. सांजेला सगळ्या शिवारातून धूर निघतो. मी ते पेटवायच्या आत गोळा करून आणलं, कडबाकुट्टीत बारीक केलं, रात्रभर भिजवलं आणि चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात गरम पाण्यातून काढलं. भाऊजी जाता-येता वाऱ्याला ऐकवायचे, "पाचट शिजलं का न्हाय अजून? फोडणी कवा देनार?" मी ऐकून घ्यायची. पाचट बाजेवर निथळत घालायचं आणि मुठीत दाबून बघायचं. हाताला ओल लागली पाहिजे पण थेंब पडता कामा नये. मग प्लास्टिकच्या पिशवीत पाचटाचा एक थर, वर अळिंबीचं बी, पुन्हा थर, पुन्हा बी. तोंड बांधून, टोचे मारून टांगून ठेवायचं. त्यालाच आम्ही बेड म्हणतो.

मग वाट बघायची. पाचटात हळूहळू पांढरे धागे धरतात आणि सगळा बेड आतून पांढरा होऊन दगडासारखा घट्ट बसतो. तसा तो बसला की पिशवी फाडून टाकायची. उघड्या अंगाचा तो पांढरा गठ्ठा तेव्हा सगळ्यात नाजूक असतो, कारण पुढच्या काही दिवसांत त्यातूनच अळिंबी फुटायची असते. सरांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "ताई, ही स्वतःच बुरशी आहे. बुरशी मारणारं काहीही आत नेऊ नका." मी घरात तसं बजावलंही होतं. रानात औषध मारून आलेल्यानं आत यायचं नाही, अगरबत्ती न्यायची नाही, हात धुतल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. पण भंडाऱ्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी पिशव्या फाडल्या आणि त्याच दिवशी आबा जेजुरीहून आले.

आता हे त्यांनी का केलं ते मला विचारायची गरजच नव्हती. जेजुरीहून आलं की ते सगळ्यांना भंडारा लावायचे. देव्हारा, गोठा, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, कुणी राहायचं नाही. आणि पूर्वी कोकरांचा हंगाम आला की या खोलीत आबांच्या हातचा भंडारा उधळला जायचा, हे मी जुन्या बायांकडून ऐकलं होतं. किती तरी वर्षांनी खोलीत पुन्हा काही तरी जन्माला यायचं होतं. त्यांनी खिळ्यावरची चावी घेतली, खोली उघडली, देवाचं नाव घेऊन आशीर्वाद दिला आणि चावी परत खिळ्याला लावली. खोली राहावी असं त्यांनाही वाटत होतं, हे मला त्या पिवळ्या बेडांकडं बघताना पहिल्यांदा कळलं. आणि कळूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अंगणात येऊन सरांना फोन लावला.

"हळद?" ते म्हणाले. "आत हळद कशी गेली?"

"देवाची हाय."

किती बेडांवर पडलीय ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "वरचा थर हलक्या हातानं खरवडून काढा. उशीर करू नका. ज्याच्यावर हिरवं दिसेल तो बेड लगेच बाहेर काढा. बाकी बघू काय होतंय."

त्यांना सांगायला सोपं होतं. देवाचा भंडारा खरवडायचा? आमच्या घरात जमिनीवर पडलेल्या भंडाऱ्यावर कुणी पाय देत नाही, केरसुणी फिरवत नाही. बोटानं टिपून कपाळाला लावतात. आणि मी तो चमच्यानं खरवडून काय उकिरड्यावर टाकू? इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे मी चमचा घेऊन उभी.

शेवटी मी डोक्यावरून पाणी घेतलं. ओल्या केसांनीच देव्हाऱ्यातलं तांब्याचं ताट काढलं, ज्यात आम्ही चंपाषष्ठीला तळी भरतो ते. पहिल्या बेडावरची चिमूट कपाळाला लावली, देवाला म्हणाले, रागावू नको, आणि खरवडायला लागले. ओल्या बेडावर हळद चिकटून बसली होती. तिच्याबरोबर पांढरे धागेही निघत होते. इतके दिवस जपलेलं माझ्याच हातानं सोलून निघत होतं. 

दारात सावली पडली. भाऊजी.

त्यांनी ताट बघितलं, चमचा बघितला. लहान भावाच्या बायकोशी थेट बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मान मागं वळवून हाक मारली, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी. "आबा! या हिकडं. बघा, तुमची धाकली सून द्येवाचा भंडारा खरवडून टाकतीया!"

आबा आले. दाराबाहेरच थांबले. माझ्या कपाळाकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, बेडाच्या सोललेल्या अंगाकडं बघितलं. मला वाटलं, आता फुटतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही बोलले असते. पण ते वळले आणि बाजेवर जाऊन बसले. मी खरवडलेलं सगळं विहिरीवरच्या उंबराच्या बुडाशी नेऊन ओतलं, तेव्हाही ते तिथूनच बघत होते.

इथं आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आबा सुनांशी थेट बोलत नाहीत. माझ्याशी बोलायचं असलं की ते शेळीशी बोलायचे. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडं लेकीच्या जागी शेळी होती. "काय गं, आज च्या न्हाय व्हय?" असं ते तिच्या कानाशी म्हणायचे आणि मी चहा टाकायची. मीही तिलाच सांगायची, "दूध फाटलंय, जरा थांबा म्हनावं." इतकी वर्षं आमचं चांगलं चाललं होतं. त्या दिवसापासून आबा शेळीशीही बोलेनात. भाकरी वाढली की खायचे, हात धुवायचे, उठायचे.

मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. माझी चूक काय? त्यांची तरी काय?

काही दिवसांनी हिरवे डाग दिसायला लागले. आधी एका बेडावर, मग शेजारच्या. हळदीनं झालं, हळदीबरोबर आत आलेल्या कशानं झालं की माझ्या खरवडण्यानं, देव जाणे. डाग दिसला की बेड उतरवायचा आणि लांब नेऊन पुरायचा. रोज सकाळी दार उघडताना मला धडकी भरायची. भाऊजी बाजेवर चहा पीत मोजदाद ठेवायचे, बाहेर किती गेले त्याची. खोली हळूहळू रिकामी होत होती. ज्या बेडांवर काही नव्हतं त्यांच्यावर तरी काही फुटेल की नाही, तेही दिसत नव्हतं. दारात ओली बारदानं लावली, पाण्याचा फवारा मारला, खिडकी उघडली, झाकली, पुन्हा उघडली. चंपाषष्ठी जवळ येत होती.

एका दुपारी मला राहवलं नाही. आबा बाजेवर तंबाखू मळत होते. मी शेळीपुढं पाला टाकला आणि तिला म्हणाले, "ऐक गं. जखमेला आपन हळद का लावतो? किडा मरावा, बुरशी धरू नये म्हनून. माझ्या खोलीत मी बुरशीच जगवतीया. खायाची बुरशी. हळद तिला चालत न्हाय. ह्यात द्येवाचा दोष न्हाय आन् ज्यानं टाकला त्याचाबी न्हाय. मी कुनाला नावं ठेवत न्हाय. पर मला माझं वाचवायचं हुतं."

माझा आवाज शेवटी चढला होता. शेळी पाला खात राहिली. आबांनी तंबाखू तोंडात टाकली, काठी उचलली आणि रानाकडं चालायला लागले. मागं वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी खोलीत फवारा मारताना एका बेडाच्या कडेला मोहरीएवढे ठिपके दिसले. मला वाटलं, हाही बेड गेला. पण ते हिरवे नव्हते, करडे होते. बोट लावायचा धीर झाला नाही. संध्याकाळपर्यंत त्यांना डोकी आली. मग शेजारच्या बेडाला, मग मागच्या ओळीला. उरलेल्या सगळ्याच बेडांना फुटवा आला. मी कुणाला सांगितलं नाही. हातातोंडाशी आलेला घास कसा जातो, ते मी एकदा बघितलं होतं.

चंपाषष्ठीला सकाळी अळिंबीचे झुबके तळहाताएवढे झाले होते. दुसऱ्या दिवशी काढायच्या बेताचे. त्याच सकाळी आमच्या रस्त्याच्या कडेला जेसीबी येऊन उभा राहिला. भाऊजींनी आबांचा शब्द धरून ठेवला होता. सण झाला की लगेच काम.

आणि जेसीबीपेक्षाही मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. तळी उचलली की पुरुष माणसं भंडाऱ्याच्या मुठी भरून निघतात. घराचा उंबरा, गोठा, ट्रॅक्टर, मोटर, एकही जागा सोडत नाहीत. म्हणून मी सकाळीच फवारा मारून खोलीला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

भावकी जमली. तांब्याच्या त्याच ताटात तळी भरली. "सदानंदाचा येळकोट!" म्हणत ताट उचललं आणि अंगण पिवळं झालं. पोरं, बाया, कुत्री, सगळी पिवळी. जेसीबीवरही भंडारा पडला. माझे डोळे भाऊजींच्या मुठीवर होते. ते उंबऱ्यावर गेले, गोठ्यात गेले, ट्रॅक्टरच्या चाकाला भंडारा लावला. मग खोलीकडं आले. मागं चार-पाच जण, सगळ्यांच्या मुठी भरलेल्या.

कुलूप बघून भाऊजी थांबले. आणि त्या दिवशी ते थेट माझ्याशी बोलले. "चावी द्या."

मी जागची हलले नाही.

"द्येवाचा भंडारा दारावरनं मागारी जात नसतो. चावी द्या."

सगळी भावकी माझ्याकडं बघत होती. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. नाही म्हणावं तर देवाला नाही म्हटल्यासारखं, आणि हो म्हणावं तर सगळं आत्ताच्या आत्ता संपणार. माझा हात कमरेला गेला तो चावी द्यायला की धरून ठेवायला, ते मला आजही सांगता येणार नाही. 

"तिच्याकडं नगं मागू."

आबा गर्दीतून पुढं आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खोलीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले आणि काठी आडवी धरली.

"आबा, सरका बाजूला," भाऊजी म्हणाले. "खोलीला भंडारा टाकायचा ऱ्हायलाय."

"माझ्या अंगावर टाक."

"असं कुठं आसतंय व्हय?"

"आसतंय. कोकरू पायावर हुबं ऱ्हायल्याबिगर ह्या खोलीत भंडारा टाकत नसत्यात. माझ्या बापानं कधी टाकला न्हाय. मी परवा घाई केली. म्हातारा झालो, इसरलो." ते भाऊजींकडं बघून बोलत होते, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "खोलीचा मान माझ्या अंगावर टाका. सगळ्यांनी टाका."

कुणीच हललं नाही. मग एका म्हाताऱ्या चुलत्यांनी मूठ उघडली. त्यांच्यामागून दुसऱ्यानं. येळकोटाचा गजर झाला आणि आबांच्या पटक्यावर, मिशांवर, घोंगडीवर भंडाऱ्याच्या मुठी पडायला लागल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, पण दारापासून पाठ हलवली नाही. सगळ्यात शेवटी भाऊजींनीही आपली मूठ उघडली.

"बरं," ते म्हणाले. "आजचा दिस झाला. उद्या जेसीबी..."

"व्यायलेला वाडा कुनी पाडत आसतं व्हय रं?" आबांनी डोळे उघडले. "आत पिल्लं हायती. मी चंपाषष्ठीपतुर म्हनलो हुतो. ती उगावली का न्हाय ते इचार आधी."

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी हातावरचा उरलेला भंडारा स्वतःच्या कपाळाला पुसला आणि ड्रायव्हरशी बोलायला रस्त्याकडं गेले. थोड्या वेळानं जेसीबी मागं वळला. गर्दी जेवायच्या पंगतीकडं सरकली.

खोलीपाशी आम्ही दोघंच उरलो. शेळी पलीकडं दावणीला बांधलेली होती. आबांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"पोरी, उघड आता," ते म्हणाले. "बघू दे मला."

मी हात धुतले, कुलूप काढलं, बारदान बाजूला केलं. पण आबा उंबऱ्याच्या आत येईनात. मी या म्हटलं. त्यांनी स्वतःच्या अंगाकडं बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत भंडारा होता, आणि देवाचा भंडारा काही झटकता येत नाही. ते तिथंच थांबले.

मग मी आत गेले. खालच्या ओळीतला सगळ्यात मोठा झुबका हलका पीळ देऊन अलगद काढला आणि दारात आणून त्यांच्यापुढं धरला. मला वाटलं, हातात घेतील. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेऊन घट्ट धरले, हळदीचा कणही लागू नये म्हणून, आणि मान पुढं करून वाकून बराच वेळ बघत राहिले.

"हुबी ऱ्हायली की गं," ते मला म्हणाले.